माऊस शिकणाऱ्याच्या हातात: बडोद्याच्या छोट्या ऑफिसात दोन पिढ्यांना एकत्र शिकवताना

१ ऑगस्ट २०२३ ला ई-इनव्हॉइससाठीची (म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलासाठीची) उलाढालीची मर्यादा दहा कोटींवरून पाच कोटींवर आली आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले आमच्यासारखे छोटे कारखाने एका रात्रीत त्या नियमात बसले. आमच्याकडे पंपाचे सुटे भाग बनतात. ऑफिसात आम्ही अकरा जण. सगळ्यात धाकटी मुलगी बावीस वर्षांची, डिस्पॅच सांभाळणारे काका अठ्ठावन्नचे, आणि मी वयाने मधली. मधली म्हणूनच असेल, हे नवं काम सगळ्यांना शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली.

मी सुरुवात चुकीची केली. बाहेरून एक शिकवणारे बोलावले, कँटीनमध्ये प्रोजेक्टर लावला, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सगळ्यांना बसवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, काहींनी फोटो काढले. चौथ्या दिवशी काकांनी एका बिलात जुना दर टाकला आणि ते लक्षात आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायला चोवीस तास मिळतात, आणि त्यावर चालू ई-वे बिल (माल गाडीने नेण्यासाठीचं ऑनलाइन बिल) असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. आमचे चोवीस तास उलटून गेले होते. मग क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद), पार्टीला म्हणजे ग्राहकाला फोन, सगळं ओघाने आलं. ते निस्तरता आलं, पण काका दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "ताई, हे काम आता त्या पोरीलाच द्या. माझ्याच्याने नाही व्हायचं." चौतीस वर्षं गाड्या वेळेवर सोडणारा माणूस हे म्हणत होता, आणि चूक माझ्या शिकवण्याची होती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे जमलं ते इथे लिहिते. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच असं काम आलंय, त्यांच्यासाठी.

सॉफ्टवेअर बाजूला ठेवा, एक काम धरा

"टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकवायचं आहे", "पोर्टल शिकवायचं आहे" असं ठरवून बसू नका. एक काम निवडा आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वहीत लिहा. मी भोसरीला जाणारी एक गाडी निवडली. ऑर्डर आली इथपासून गाडी गेटबाहेर पडली इथपर्यंत तीन दिवस नुसती मागे मागे फिरले. एकोणीस पायऱ्या निघाल्या. त्यातल्या कॉम्प्युटरवरच्या फक्त सात. उरलेल्या बारा माणसांच्या डोक्यात होत्या: कोणता ट्रान्सपोर्टवाला शनिवारी माल उचलत नाही, कोणत्या पार्टीला बिल्टीची (ट्रान्सपोर्टच्या पावतीची) प्रत आधी लागते, वजनात किती फरक आला तर पुन्हा काट्यावर न्यायचं.

हे लिहून काढल्यावर दिसतं, की ज्याला आपण "शिकवायचं आहे" म्हणतोय त्यालाच बरंचसं येतं. काकांना पोर्टलवर कुठे दाबायचं ते माहीत नव्हतं, पण छापून आलेलं बिल हातात घेतल्या घेतल्या ते म्हणायचे, "पार्टी सत्तावीसची, मग हा सीजीएसटी कसा?" जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपले गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशचे २३. आपण २४ आणि माल जाणार २७ मध्ये, तर साधारणपणे राज्यातल्या विक्रीवरचा सीजीएसटी नाही, दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा आयजीएसटी लागणार. आमच्या धाकटीला सगळे रकाने झटपट भरता यायचे, पण अक्षरं-आकडे मिळून पंधरा जागांच्या त्या क्रमांकाकडे तिने असं कधी पाहिलंच नव्हतं. दोघांना एका टेबलावर आणायचं ते यासाठी. एकाकडे बोटं आहेत, एकाकडे डोळा आहे.

आधी चष्मा, मग पडदा

हे मी सगळ्यात उशिरा शिकले आणि तुम्ही सगळ्यात आधी करा. चाळीशी लागलेल्या माणसाला लहान अक्षरं दिसत नाहीत, हे आपल्याला माहीत असतं, पण ऑफिसात तो तसं सांगत नाही. तो "मला कळत नाही" असं म्हणतो. त्यातून डोळ्याचं दुखणं डोक्याच्या नावावर जमा होतं.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरसमोर बसा आणि एवढं करा: पडद्यावरचं सगळं मोठं करा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबलं की पोर्टलची अक्षरं वाढतात, ही एक गोष्ट मात्र लगेच दाखवा, ती सगळ्यांना आवडते. माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा. बोटं सावकाश चालणाऱ्या माणसाचे दोन क्लिक कॉम्प्युटर दोन वेगवेगळे धरतो आणि फाइल उघडायच्या ऐवजी तिचं नाव बदलायला सुरुवात होते. काकांच्या बाबतीत हे कित्येक महिने चाललं होतं आणि सगळे हसत होते. वेग कमी करायला मला अर्धा मिनिट लागला.

दोन भिंगांचा चष्मा असेल तर पडदा थोडा खाली घ्या. वाचायचं भिंग खालच्या अर्ध्यात असतं, त्यामुळे पडदा उंच असला की माणूस मान वर करून बसतो आणि तासाभरात मान धरते. मग शिकणं कोणाला सुचणार?

जोड्या लावणं

वर्ग भरवू नका. दोघा-दोघांच्या जोड्या करा. पण "मोठ्याला लहान शिकवणार" असं जाहीर केलंत की पहिल्याच दिवशी बिनसतं. मी असं सांगितलं: पंधरा दिवस ही गाडी तुम्हा दोघांची. बिल चुकलं तर दोघांचं, वेळेत गेली तर दोघांची. कोण कोणाला काय शिकवतंय ते त्यांचं ते ठरलं.

काही गोष्टी मात्र मी धाकट्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगते. आपल्या ऑफिसात मराठी, गुजराती, थोडी हिंदी असं सगळं चालतं. काका, भाई, बेन या हाका टिकू द्या. त्यांत वयाचा मान आपोआप राहतो. आणि एक शब्द मी जवळजवळ बंदच केलाय: "सोपं आहे." शिकवणारा हा शब्द धीर द्यायला वापरतो, पण ऐकणाऱ्याला वेगळंच ऐकू येतं. सोपं असून मला येत नाही, म्हणजे मीच मठ्ठ. त्याऐवजी "मलाही पहिल्यांदा इथेच अडलं होतं" म्हणा, खरंच अडलं असेल तर. खोटं लगेच कळतं.

"परवाच तर सांगितलं होतं" हेही नको. पुन्हा विचारणं म्हणजे तो माणूस अजून प्रयत्न करतोय. ज्या दिवशी विचारायचं थांबतो, त्या दिवशी काळजी करा.

मोठ्यांशीही बोलावं लागतं. एका बेननी धाकट्याला चार लोकांत सुनावलं, "तुला साधं चलन लिहिता येत नाही आणि मला शिकवतोस?" तो दोन दिवस गप्प होता. मी बेनकडे घरी जाऊन बोलले, ऑफिसात नाही. त्यांनी ऐकलं. पण मुळात ती वेळ माझ्यामुळे आली होती: दोघांची टेबलं मी अगदी दारासमोर ठेवली होती. शिकणाऱ्यांना आडोसा द्या. चुका करायला जागा लागते आणि ती चारचौघांत मिळत नाही.

माऊस शिकणाऱ्याच्या हातात

या एका नियमावर मी अडून बसते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

शिकवणाऱ्याला घाई असते. समोरचा बटण शोधत असतो, आपल्याला ते दिसत असतं, आणि हात आपोआप पुढे जातो. "द्या, मी करते." काम होतं, गाडी सुटते आणि शिकणाऱ्याने जे मिळवलं ते एका झटक्यात गेलेलं असतं. आमच्याकडे नियम असा: शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, खुर्चीवर शिकणारा. तोंडाने सांगायचं, तेही बोट न दाखवता. "वरच्या निळ्या पट्टीत डावीकडून तिसरं" असं सांगायला लागलं, की शिकवणाऱ्यालाही कळतं की आपण स्वतः किती कमी नीट पाहिलंय.

पहिल्या आठवड्यात याने सगळे वैतागले. काकांची जोडीदारीण माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, मी दोन मिनिटांत करते ते, इथे वीस मिनिटं जातात." मी म्हटलं, जाऊ देत. वीसची बारा झाली, मग सात. आता काकांना नऊ लागतात, कारण ते प्रत्येक आकडा पेन्सिलने मोजतात, आणि आमच्याकडे त्या जुन्या दराच्या चुकीनंतर त्यांच्या हातून एकही ई-इनव्हॉइस रद्द करावं लागलेलं नाही.

जिथे चुकलं तरी बिघडत नाही अशी जागा

खऱ्या बिलावर शिकवलं की हात थरथरतो. टॅली शिकवायचं असेल तर परवान्याशिवाय चालणारी शैक्षणिक पद्धत त्यात आहे. तीत महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात, पण सरावाला एवढं पुरतं. किंवा "सराव" नावाची वेगळी कंपनी उघडा आणि तीत खोटी पार्टी, खोटा माल घाला. आमच्या सराव कंपनीत आम्ही पंपाऐवजी शेव-उसळ विकतो. कर, सवलत, परत आलेला माल, सगळं त्याच्यावर करून झालं.

पोर्टलची पानं मात्र मी सरावासाठी छापून घेते. कागदावर पेन्सिलने रकाने भरायचे. ई-वे बिलाचा पहिला भाग मालाचा आणि दुसरा गाडीचा, हे कागदावर एकदा भरलं की पक्कं बसतं. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर दुसऱ्या भागात नवा गाडी नंबर घालायचा, हा प्रसंग मी मुद्दाम कागदावर खेळून घेतला. तीनच आठवड्यांत भरूचजवळ आमची गाडी खरोखर बंद पडली. काकांनी रात्री साडेनऊला घरून, मांजलपूरहून, नवा नंबर टाकला आणि मला नुसता "झालं" एवढाच निरोप पाठवला.

वेळ

अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, चहानंतर. अकरा तारखेच्या आधीचे चार दिवस आणि वीस तारखेच्या आधीचे दोन दिवस सोडा. जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे डोकं ठिकाणावर नसतं. नवरात्राचे नऊ दिवसही सोडा. बडोद्यात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो, निम्मं ऑफिस अर्धझोपेत येतं आणि ते तसंच असू द्यावं.

भाषा आणि वही

छापील मॅन्युअल वाटू नका. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत पायऱ्या लिहायच्या. स्टोअरच्या भाईंची वही गुजरातीत आहे, काकांची मराठीत, त्यात मधेच मोडीत शिकल्यासारखी आडवीतिडवी अक्षरं. एका बेनच्या वहीत बटणांची चित्रं आहेत. मी कोणाची वही तपासत नाही. एवढंच पाहते की आज अडल्यावर त्यांनी आधी वही उघडली की आधी हाक मारली.

आपल्या भाषेत तांत्रिक काम शिकवायची कल्पना या गावाला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झालं. रंगकामापासून यंत्रकामापर्यंतचं शिक्षण तिथे गुजरातीतून देण्याचा आग्रह होता. इंग्रजी येत नाही म्हणून माणूस कारागिरीत मागे राहू नये, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. पोर्टलवरचे शब्द इंग्रजीतच राहणार, ते बदलायला जाऊ नका. "जनरेट", "सबमिट" हे सगळ्यांना कळतं. पण "का" हे मात्र घरच्या भाषेत सांगा.

टायपिंगचं एक सांगते, कारण बडोद्यात याचा दुप्पट फायदा आहे. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि भारतीय लिप्यांसाठी रचना एकच. मराठीत ज्या कळीवर क, गुजरातीतही त्याच कळीवर त्याच उच्चाराचा ક. म्हणजे मराठी टायपिंग शिकलेल्याला लिपी नीट वाचता येत असेल तर गुजराती पत्र वेगळं शिकावं लागत नाही. ज्यांनी पूर्वी जुन्या फॉन्टवर टाइप केलंय त्यांना पहिले दहा दिवस त्रास होतो. रोज पाच ओळी, बास.

पासवर्ड आणि ओटीपी

पूर्वी आमच्याकडे एकच पासवर्ड होता आणि तो एका चिठ्ठीवर पडद्याला चिकटवलेला होता. आता तसं चालतच नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर सगळ्यांनाच मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय आत जाता येत नाही. कित्येक ऑफिसांत ओटीपी मालकांच्या फोनवर जातो आणि मालक जेवायला गेले की गाडी थांबते. मुख्य खात्यातून प्रत्येकासाठी वेगळा उप-वापरकर्ता काढा आणि त्याला त्याचाच मोबाइल नंबर जोडा. काम कोणी केलं तेही मग दिसतं.

याच वेळी फसवणुकीबद्दल बोला, आणि ज्येष्ठांना वेगळं काढून बोलू नका. तरुणही तितकेच फसतात, ते घाईत असतात म्हणून. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन. हा नंबर आमच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आहे.

उलट दिशेने

तरुणांना कॉम्प्युटर येतो म्हणून त्यांचं शिक्षण पूर्ण झालं असं धरलं जातं. आमच्याकडे जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर माल जातो, प्लेटिंगला, मशिनिंगला. नियम असा की कच्चा माल जॉबवर्करकडून एका वर्षात परत यायला हवा, यंत्रसामग्री तीन वर्षांत; नाहीतर तो माल गेला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागू शकतो. स्टोअरचे भाई लाल पेनाने हे रजिस्टर गेली कित्येक वर्षं ठेवतात. आमच्या एका हुशार मुलाने ते एक्सेलमध्ये घेतलं आणि लाल पेनाच्या खुणा गाळल्या, कारण त्याला त्यांचा अर्थ माहीत नव्हता. खूण म्हणजे अकरावा महिना लागला. भाई काही बोलले नाहीत, फक्त रजिस्टर पुढे सरकवून म्हणाले, "आ तारीख जो." (ही तारीख बघ.) मग दोघांनी बसून एक्सेलमध्ये ती तारीख आपोआप लाल होईल असं केलं. सूत्र मुलाने लिहिलं, कोणत्या दिवसापासून मोजायचं ते भाईंनी सांगितलं.

म्हणून जोडीला एक प्रश्न द्या: या आठवड्यात धाकट्याला काय समजलं, जे पडद्यावर दिसत नव्हतं?

फिरती पेटी

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लहानपणी बाबा मला न्यायचे. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभारलं, आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत, हे बाबांनीच सांगितलं होतं. ती कल्पना मी उचलली. आमच्याकडे एक निळी फाइल दर सोमवारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. जिच्याकडे फाइल, तिने किंवा त्याने एक पान लिहायचं: या आठवड्यात काय बदललं, काय अडलं, कसं सुटलं. चार ओळीही चालतात. नियम बदलत राहतात, एकदा शिकून संपत नाही. ही फाइल नसती तर ओटीपीचा बदल आम्हाला गाडी अडल्यावर कळला असता.

हल्ली फाइलमध्ये एआयबद्दलही पानं येतात. इंग्रजी मेल लिहायला तरुण ते वापरतात, काकाही आता वापरतात. दोनच बंधनं: पार्टीचे दर, ड्रॉइंग, जीएसटी क्रमांक त्यात घालायचे नाहीत, आणि नियमाबद्दल त्याने काही सांगितलं तर पोर्टलवर पाहिल्याशिवाय मानायचं नाही.

आलं का, हे कसं ओळखायचं

परीक्षा घेऊ नका. जोडीतल्या एकाला सुट्टी द्या आणि त्या दिवशी गाडी सुटते का पाहा. मग दुसऱ्याला सुट्टी द्या. दोन्ही दिवशी सुटली तर जोडी मोडा आणि नव्या माणसाबरोबर लावा, म्हणजे काल शिकलेला आज शिकवेल.

काका येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. सहा महिने आधीपासून आम्ही त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करतोय, कारण लिही म्हटलं तर ते दोन ओळींत आटपतात आणि विचारलं तर तासभर सांगतात. प्रश्न त्यांची जोडीदारीणच विचारते. तुमच्याकडेही कोणी निवृत्तीला आलं असेल तर आजच सुरू करा. एक रेकॉर्डिंग पाच मिनिटांचं, एकाच प्रसंगाचं. फाइलला तारखेचं नाव देऊ नका, कोणालाही सापडत नाही. "पार्टीने माल परत पाठवला", "वजन जास्त भरलं", "गाडी भरूचला बंद पडली" अशी नावं द्या.